एक उचल, तीन प्रकारचे खातेदार : ओआरएममधील बहुरूपी संबंधांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही दोघे मित्र नांदेडच्या नव्या मोंढ्यातील आडत दुकानांसाठी हिशेबाचे सॉफ्टवेअर तयार करतो. लॅराव्हेल हे पीएचपीचे फ्रेमवर्क आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस वापरतो. दुकानदार हंगामाआधी शेतकऱ्याला उचल देतो, हमालांच्या टोळीला देतो आणि गाडीमालकालाही देतो. या तिघांचे आम्ही तीन क्लास आणि तीन टेबल केले आहेत. उचलीचे टेबल मात्र एकच असून त्यात ‘घेणारा_प्रकार’ आणि ‘घेणारा_क्रमांक’ असे दोन कॉलम आहेत, कारण एकाच संदर्भाने वेगवेगळ्या टेबलांकडे जाणाऱ्या पॉलिमॉर्फिक, म्हणजे बहुरूपी, संबंधाची सोय लॅराव्हेलच्या ओआरएममध्ये (क्लास आणि टेबल यांची सांगड घालणाऱ्या भागात) तयारच मिळते. आमचे एक ज्येष्ठ सहकारी म्हणतात, की पैशाच्या नोंदीत ही पद्धत ठेवू नका. सगळे नीट चालले असताना ती का बदलावी, आणि बदलायची तर कशी?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : आपले ज्येष्ठ सहकारी बरोबर सांगत आहेत. ही पद्धत बिघडते तेव्हा कोणताही इशारा मिळत नाही. कुठेही एरर येत नाही आणि हिशेब मात्र चुकतो. म्हणून आधी अडचण कुठे आहे ते पाहू.

क्लासच्या जगात ‘घेणारा’ हा संदर्भ कोणत्याही ऑब्जेक्टकडे बोट दाखवू शकतो, कारण प्रत्येक ऑब्जेक्टला आपण कोणत्या क्लासचे आहोत हे ठाऊक असते. टेबलांच्या जगात तसे नाही. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल मांडणी पुढे आणली तेव्हापासून फॉरेन कीचा अर्थ ठरलेला आहे : या कॉलममधील किंमत अमुक एका टेबलात असलीच पाहिजे. ‘या तिनांपैकी कुठल्यातरी एका टेबलात’ असे सांगण्याची सोय फॉरेन कीमध्ये नाही. म्हणून रेल्स, जँगो, लॅराव्हेल, हायबरनेट या सगळ्या साधनांनी बहुरूपी संबंधासाठी एकच वाट काढली आहे. संदर्भाचे दोन तुकडे करायचे, एका कॉलममध्ये प्रकाराची खूण (बहुधा नाव, जँगोत प्रकाराचा क्रमांक) ठेवायची आणि दुसऱ्यात ओळीचा क्रमांक. तो क्रमांक कोणत्या टेबलात शोधायचा हे आपला प्रोग्राम ठरवतो. डेटाबेसच्या दृष्टीने मात्र तो नुसता आकडा असतो, आणि ज्या आकड्याचा अर्थ डेटाबेसला कळत नाही त्याची राखण तो करू शकत नाही.

याचा परिणाम मी स्वतः पाहिला आहे. काही वर्षांपूर्वी जालना जिल्ह्यातील एका डाळमिलच्या हिशेबाचे काम माझ्याकडे होते, आणि मांडणी हुबेहूब आपल्यासारखी होती. हमालांच्या यादीत टोळी क्रमांक १७ ही शेवटची होती आणि तिच्या नावावर ५,००० रुपयांची उचल होती. टोळी काम सोडून गेली तेव्हा कारकुनाने यादीतून तिचे नाव काढून टाकले. टोळीची ओळ गेली, पण उचलीची ओळ ‘टोळी, १७’ असे म्हणत तशीच राहिली. त्या रात्री वीज गेली, सर्व्हर बंद पडला आणि सकाळी पुन्हा सुरू झाला. दुपारी नवी टोळी कामाला लागली, आणि तिला क्रमांक मिळाला १७. पहिल्या आठवड्याच्या हमालीतून प्रोग्रामने ५,००० रुपये वळते करून घेतले. मुकादम हिशेबाचा कागद हातात घेऊन माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, “साहेब, आमी तं अजून एक रुपया बी उचलला नाही.” तो खरे बोलत होता, आणि पडद्यावर मात्र त्याच्या नावापुढे उचल स्पष्ट दिसत होती.

क्रमांक पुन्हा कसा वाटला गेला याचे उत्तर मायएसक्यूएलमध्ये होते. ५.७ पर्यंतच्या आवृत्त्यांत इनोडीबी हे मायएसक्यूएलचे साठवण इंजिन आपोआप वाढणाऱ्या क्रमांकाचा मोजणीदार फक्त मेमरीत ठेवत असे, आणि सर्व्हर पुन्हा सुरू झाला की टेबलातील सर्वांत मोठा क्रमांक पाहून त्याच्या पुढून मोजणी सुरू होई. शेवटची ओळ खोडलेली असेल, तर तिचाच क्रमांक नव्या ओळीला मिळत असे. २०१८ मध्ये आलेल्या ८.० पासून हा मोजणीदार डिस्कवर जपला जातो. तेवढ्याने आपण सुरक्षित झालो असे मात्र समजू नये. टेबल रिकामे करून पुन्हा भरले, जुन्या बॅकअपमधून एकच टेबल परत आणले, दोन दुकानांचा डेटा एकत्र केला, तरी हाच घोटाळा होऊ शकतो. फॉरेन की असती, तर कारकुनाने टोळी खोडण्याचा प्रयत्न केला त्याच क्षणी डेटाबेसने नकार दिला असता आणि पुढचे काहीच घडले नसते.

दुसरी अडचण प्रकाराच्या नावाची आहे. लॅराव्हेल स्वतःहून क्लासचे पूर्ण नाव, नेमस्पेससकट, कॉलममध्ये लिहिते. उद्या आपण फोल्डरची रचना बदलली किंवा ‘टोळी’ क्लासचे नाव ‘हमालटोळी’ केले, की जुन्या सगळ्या ओळी अस्तित्वात नसलेल्या क्लासकडे बोट दाखवू लागतात. तूर्त ही मांडणी ठेवावीच लागणार असेल, तर आजच मॉर्फ मॅप (कोणत्या क्लाससाठी कोणते नाव लिहायचे याची यादी) लावून प्रकारासाठी छोटी, स्थिर नावे ठरवून घ्या. तिसरी अडचण रोजच्या वापरातली. उचलींची यादी दाखवताना लॅराव्हेल प्रत्येक प्रकारासाठी एक याप्रमाणे वेगळ्या क्वेरी करून नावे आणते, आणि तिथवर काही बिघडत नाही. पण मुनीम म्हणाला, की यादी घेणाऱ्याच्या नावाने अकारविल्हे लावून द्या, की तीन टेबलांशी तीन जॉइन करून ज्यात नाव सापडेल ते उचलावे लागते. चौथा प्रकार आला की ती क्वेरी पुन्हा उघडावी लागते.

आता पर्याय पाहू. एक सरळ मार्ग असा, की उचलीच्या टेबलात शेतकरी, टोळी आणि गाडीमालक यांचे तीन वेगळे कॉलम ठेवावेत, तिन्हींना खरी फॉरेन की लावावी, तिन्हींत नल (रिकामी किंमत) चालावे, आणि तिनांपैकी नेमका एकच भरलेला असावा अशी चेकची अट घालावी. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये यासाठी ‘नम_नॉननल्स’ हे तयार फंक्शन आहे. मायएसक्यूएलवर असाल तर आवृत्ती ८.०.१६ किंवा त्यापुढची आहे ना, हे आधी तपासा. त्याआधीच्या आवृत्त्या चेकची अट निमूटपणे वाचत आणि सोडून देत, त्यामुळे अट लिहिली म्हणून निर्धास्त राहिलेले अनेक डेटाबेस प्रत्यक्षात उघडेच होते. प्रकार तीनच असतील आणि वाढण्याची शक्यता नसेल, तर हा मार्ग चांगला आहे.

शेतकरी_उचल, टोळी_उचल अशी वेगळी टेबले करणे हा दुसरा मार्ग. प्रत्येक उचलीचे तपशील खरोखरच वेगळे असतील तरच तो घ्यावा, कारण दिवसअखेरची बेरीजसुद्धा सगळी टेबले युनियनने जोडून करावी लागते.

आपल्या कामासाठी मी तिसरा मार्ग सुचवतो, आणि तो मोंढ्यातल्या कोणत्याही जुन्या मुनिमाला समजावून सांगावा लागणार नाही. रोजकीर्दीत नोंद लिहिताना मुनीम नावापुढे खतावणीचे खाते पान लिहितो. ते पान शेतकऱ्याचे आहे, टोळीचे आहे की गाडीमालकाचे, याच्याशी रोजकीर्दीला कर्तव्य नसते. खतावणी एक, पाने एका क्रमाने, आणि ज्याच्याशी पैशाचा व्यवहार होतो त्या प्रत्येकाचे एक पान. हीच मांडणी डेटाबेसमध्ये आणा. ‘खातेदार’ नावाचे एक टेबल करा, त्यात क्रमांक, प्रकार, नाव, मोबाइल एवढे समान तपशील ठेवा. शेतकरी, टोळी आणि गाडीमालक या तिन्ही टेबलांची प्रायमरी की (प्रत्येक ओळीची ओळख ठरवणारा क्रमांक) स्वतंत्र न ठेवता ती खातेदाराच्या क्रमांकाकडे जाणारी फॉरेन कीही असू द्या. उचलीच्या टेबलात आता एकच कॉलम उरतो, ‘खातेदार_क्रमांक’, आणि त्याला खरी फॉरेन की लावता येते. नावाने यादी लावायला एक जॉइन पुरतो. उद्या बारदानवाल्यालाही उचल द्यायची ठरली, तर एक नवे टेबल वाढते आणि उचलीच्या टेबलाला हातही लागत नाही.

एकाच क्रमांकाची ओळ चुकून शेतकरी आणि टोळी अशा दोन्ही टेबलांत जाऊ नये असे वाटत असेल, तर तेही डेटाबेसकडून राखून घेता येते. खातेदार टेबलात क्रमांक आणि प्रकार यांच्या जोडीवर युनिक की ठेवावी, शेतकरी टेबलातही प्रकाराचा कॉलम ठेवून त्यात ‘शेतकरी’ हीच किंमत चालेल अशी चेकची अट घालावी, आणि फॉरेन की या जोडीवर लावावी.

पण ही अट घालण्याआधी दुकानदाराला एक प्रश्न अवश्य विचारा. आपल्या भागात सोयाबीन पिकवणाऱ्या शेतकऱ्याचाच टेम्पो असतो आणि तोच चार शेजाऱ्यांचा माल मोंढ्यात आणतो. त्याची खाती दोन, की एक? त्याने गाडीभाड्यापोटी घेतलेली उचल त्याच्या सोयाबीनच्या पट्टीतून वळती करायची की नाही? दुकानदार म्हणाला, माणूस एक म्हणून खाते एक, तर शेतकरी आणि गाडीमालक ही त्या खातेदाराची रूपे नसून त्याची कामे आहेत, आणि मग वरची कडक अट घालू नये. एकाच खातेदाराला दोन्ही टेबलांत ओळ असू द्यावी. आपल्याकडे बहुरूपी आज पोलिसाचा आणि उद्या साधूचा वेष घेऊन दारात येत असे, पण माणूस तोच असे. वेष बदलला की माणूसही बदलला असे जे क्लास मानतात, ते अशा शेतकऱ्यापाशी अडखळतात. माझा अनुभव असा, की इनहेरिटन्स (मूळ क्लासपासून उपक्लास काढणे) वापरण्याचा मोह झाला की आधी हा दोन कामे करणारा माणूस डोळ्यांसमोर आणावा.

असलेला डेटा हलवताना घाई करू नका. प्रथम प्रत्येक प्रकाराच्या टेबलाशी लेफ्ट जॉइन करून ज्यांचा घेणारा सापडत नाही अशा अनाथ उचली शोधा आणि त्यांची यादी दुकानदारासमोर ठेवा. त्या परस्पर खोडू नका, कारण त्यातला प्रत्येक आकडा कोणाकडून तरी येणे असलेला पैसा आहे. मग खातेदारांच्या ओळी तयार करा, प्रत्येक ओळीत जुना प्रकार आणि जुना क्रमांक तात्पुरते लिहून ठेवा, त्यांच्या आधारे उचलीच्या ओळींत नवा क्रमांक भरा, दोन्हीकडच्या बेरजा प्रकारनिहाय जुळवून पाहा, आणि त्यानंतरच फॉरेन की लावा. जुने दोन कॉलम निदान एक हंगाम तरी काढू नयेत.

प्रश्न : आम्ही जावा आणि हायबरनेट वापरतो. ‘खातेदार’ हा मूळ क्लास आणि त्याचे तीन उपक्लास असतील, तर इनहेरिटन्सच्या तीन पद्धतींपैकी कोणती घ्यावी?
— एक वाचिका, लातूर

उत्तर : या तीन पद्धतींची नावे मार्टिन फाउलर यांच्या २००२ मधील लेखनापासून रूढ झाली, आणि २००६ मध्ये आलेल्या जेपीए या जावाच्या ओआरएम प्रमाणाच्या पहिल्या आवृत्तीपासून त्या जावात प्रमाण स्वरूपात मिळतात. निवड करताना बहुतेक जण वेगाचा विचार करतात. मी सुचवीन, की आधी एवढेच विचारावे : मूळ क्लासकडे येणाऱ्या संबंधाला खरी फॉरेन की लावता येते का?

सगळे उपक्लास एकाच टेबलात ठेवण्याची पद्धत जेपीएत आपोआप लागू होते. कोणती ओळ कोणाची हे डिस्क्रिमिनेटर कॉलम सांगतो. आपण नाव दिले नाही तर त्याचे नाव ‘डीटाइप’ होते. टेबल एकच असल्यामुळे फॉरेन की लागते आणि जॉइनही लागत नाही. किंमत अशी, की उपक्लासचे कॉलम नल स्वीकारणारे ठेवावे लागतात. गाडीमालकाला गाडीचा नंबर सक्तीचा असला तरी शेतकऱ्याच्या ओळीत तो रिकामाच राहणार. प्रकारानुसार चेकची अट लिहून ही सक्ती परत आणता येते. आणखी एक बारीक गोष्ट लक्षात ठेवावी. ‘हमालीची पट्टी’ या क्लासमध्ये आपण नेमका टोळी या उपक्लासचा संबंध ठेवला, तरी डेटाबेसमधली फॉरेन की सगळ्यांच्या सामाईक टेबलाकडेच जाते, त्यामुळे तिथे शेतकऱ्याचा क्रमांक लिहिला गेला तर डेटाबेस अडवणार नाही.

जॉइन्ड पद्धतीत मूळ क्लासचे एक टेबल आणि प्रत्येक उपक्लासचे एक टेबल असते. वर नांदेडच्या वाचकांना सुचवलेली मांडणी हीच. फॉरेन की मूळ टेबलाकडेही लागते आणि उपक्लासच्या टेबलाकडेही लागते, नलच्या सक्तीचा प्रश्न राहत नाही, आणि त्याबदल्यात मूळ क्लासमधून वाचताना काही जॉइन होतात. आडत दुकानाच्या आकाराच्या डेटात हे जॉइन जाणवणारसुद्धा नाहीत.

तिसरी पद्धत, म्हणजे प्रत्येक प्रत्यक्ष क्लासला स्वतंत्र पूर्ण टेबल, या कामासाठी घेऊ नये. अमूर्त मूळ क्लासला तिच्यात टेबलच नसते, त्यामुळे उचलीकडून खातेदाराकडे जाणाऱ्या संबंधाला फॉरेन की लावायला जागाच उरत नाही. हायबरनेट सगळ्या टेबलांचे युनियन करून ओळ शोधते, आणि क्रमांक सर्व टेबलांत मिळून एकमेव असावे लागत असल्याने आयडेंटिटी कॉलमवरची क्रमांकनिर्मितीही चालत नाही. जेपीएच्या प्रमाणातही या पद्धतीची सोय देणे सक्तीचे नाही. ‘मॅप्ड सुपरक्लास’ तर इथे उपयोगाचाच नाही. तो एंटिटी नसल्याने त्याच्याकडे संबंध नेताच येत नाही. तारीख, नोंद करणारा असे समान कॉलम पुन्हा पुन्हा लिहावे लागू नयेत, एवढेच त्याचे काम. हायबरनेटमध्ये ‘एनी’ नावाचे अॅनोटेशन आहे, पण ते प्रकार आणि क्रमांक अशी जोडीच साठवते, म्हणजे आपण पुन्हा त्या डाळमिलमध्ये येऊन उभे राहतो.

तेव्हा उपक्लासचे वेगळे कॉलम दोन-चारच असतील तर एक टेबल, आणि जास्त असतील किंवा उपक्लासकडेही संबंध जात असतील तर जॉइन्ड, असे मी ठरवीन.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पात जॉइन्ड पद्धत वापरली आहे. उचलीवरून खातेदार घेतला आणि तो ‘टोळी’ आहे का असे इन्स्टन्सऑफने तपासले, तर डेटाबेसमध्ये टोळीची ओळ असूनही उत्तर ‘नाही’ येते. हायबरनेटमध्ये दोष आहे का?
— एक विद्यार्थी, अंबाजोगाई

उत्तर : दोष नाही. आपण तो संबंध लेझी, म्हणजे गरज पडेपर्यंत न वाचला जाणारा, ठेवला असणार. उचल वाचली त्या वेळी हायबरनेटला खातेदाराचा केवळ क्रमांक माहीत असतो. तो शेतकरी आहे की टोळी, हे टेबल उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि टेबल उघडू नये असे तर आपणच सांगितलेले असते. म्हणून ते ‘खातेदार’ या घोषित क्लासचा एक उपक्लास चालत्या प्रोग्राममध्येच बनवून त्याचे ऑब्जेक्ट प्रॉक्सी म्हणून आपल्या हाती देते. ते खातेदार असते, पण टोळी नसते. पुढे खरा डेटा आला तरी त्या प्रॉक्सीचा क्लास बदलत नाही, कारण जावात तयार झालेल्या ऑब्जेक्टचा क्लास बदलताच येत नाही.

तपासणी अटळ असेल तर ‘हायबरनेट.अनप्रॉक्सी’ ही मेथड वापरून आतले खरे ऑब्जेक्ट घ्या आणि मग तपासा. पण तपासणी कशासाठी हवी आहे, हे आधी पाहा. टोळीची उचल हमालीतून वळती होते आणि शेतकऱ्याची पट्टीतून, म्हणून आपण विचारत असाल, तर ‘वळती करा’ ही मेथडच खातेदार क्लासमध्ये जाहीर करून प्रत्येक उपक्लासमध्ये लिहा. प्रॉक्सीवर मेथड बोलावली की ती आतल्या खऱ्या ऑब्जेक्टकडे जाते आणि योग्य उपक्लासची मेथडच चालते.

प्रश्न : आमचे काम जँगोमध्ये आहे. माती नमुना, पीक पाहणी आणि अवजार या तिन्ही नोंदींना शेतकरी मोबाइलवर काढलेले फोटो जोडतात. फोटोसाठी जेनेरिक फॉरेन की वापरली तर चालेल का?
— एक वाचक, परभणी

उत्तर : जेनेरिक फॉरेन की म्हणजे प्रकार आणि क्रमांक यांची तीच जोडी, पण इथे ती चालेल. फोटो अनाथ झाला तर डिस्कवरची थोडी जागा वाया जाते, कोणाच्या पट्टीतून पैसे कापले जात नाहीत. शिवाय फोटो उद्या आणखी दहा प्रकारच्या नोंदींना जोडले जातील, तेव्हा दर वेळी कॉलम वाढवणे त्रासाचे होईल.

काही पथ्ये मात्र पाळा. कंटेंट टाइप (नोंदीचा प्रकार) आणि ऑब्जेक्ट आयडी (नोंदीचा क्रमांक) या जोडीवर इंडेक्स स्वतः लावा, कारण जँगो ऑब्जेक्ट आयडीसाठी तो आपोआप लावत नाही. तिन्ही मॉडेलमध्ये जेनेरिक रिलेशन लिहा, म्हणजे माती नमुना खोडल्यावर त्याचे फोटोही खोडले जातील. जेनेरिक रिलेशन नसेल तर ते मागे राहतात. हे खोडण्याचे काम जँगो करते, डेटाबेस नव्हे, त्यामुळे कोणी थेट एसक्यूएलने ओळ काढली तर फोटो राहणारच. एखाद्या मॉडेलची प्रायमरी की यूयूआयडी असेल, तर ऑब्जेक्ट आयडीचा कॉलम आकड्याऐवजी अक्षरांचा ठेवा. यादी दाखवताना प्रीफेच रिलेटेड वापरा. सिलेक्ट रिलेटेड इथे चालत नाही, आणि जेनेरिक फॉरेन कीच्या नावाने थेट फिल्टरही लावता येत नाही. डेटा एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर डम्पडेटाने नेणार असाल, तर नॅचरल कीचा पर्याय चालू ठेवा. कंटेंट टाइपचे क्रमांक प्रत्येक डेटाबेसमध्ये वेगळे पडू शकतात, आणि तो पर्याय विसरला तर अवजाराचे फोटो माती नमुन्याखाली दिसू लागतात.